प्रकल्प नोंदी: धातूच्या पेटीतला अँटेना, मिरकरवाडा

२४ मे २०२४

काम पक्कं झालं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका नाखव्याला त्याच्या बोटींवर छोटं यंत्र हवंय. बोट कुठे आहे आणि बर्फाच्या कप्प्यात तापमान किती आहे, एवढं दर दहा मिनिटांनी किनाऱ्यावर कळलं पाहिजे. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते, म्हणून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात लोरा (कमी पॉवरवर लांबपर्यंत छोटे संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) वापरायचं ठरवलं. रिसीव्हर रत्नदुर्गाच्या बाजूच्या चढावर एका घराच्या गच्चीत बसेल, समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर.

नाखव्याची अट एकच: पेटी धातूची हवी. "प्लास्टिकची आणू नकोस रे बाबा. आधीची उन्हात तडकली, तिच्या जागी लावली ती दोरात सापडून फुटली." केबिनच्या टपावर चढून पाहिलं, तर त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. तिथून जाळ्याचे दोर ओढले जातात, खलाशी उभे राहतात, वर दिवसभर ऊन आणि खारा वारा. टपावर उभा दांडीचा अँटेना लावला तर तो पहिल्याच फेरीत मोडेल. तेव्हा ओतीव ॲल्युमिनियमची पेटी, बाहेर काहीही न आलेली, आणि रेडिओ आत. अडचण नेमकी इथेच आहे आणि मला ती आवडलेली आहे.

२८ मे

आधी आकडेमोड. ८६६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३४.६ सेंटिमीटर, अर्धी १७.३, पाव ८.६५. या फ्रिक्वेन्सीला शुद्ध ॲल्युमिनियममध्ये लहर जेमतेम २.८ मायक्रॉन शिरते आणि विझत जाते. ओतीव मिश्रधातूत थोडी जास्त, पण पेटीची भिंत ३ मिलिमीटरची. भिंतीतून काहीच बाहेर पडणार नाही. जे जाईल ते फटीतूनच.

आता अंतर. पेटी पाण्यापासून ४ मीटरवर, गच्ची ६० मीटरवर. दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज करून ४.१२ ने गुणली की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. इथे ते ४० येतं. नाखव्याला १२ सागरी मैलांपर्यंतचीच, म्हणजे २२ किलोमीटरची खात्री हवी आहे, कारण राज्याची हद्द तिथवरच. २२ किलोमीटरला मोकळ्या जागेतला ऱ्हास ११८ डीबी (डेसिबल; दर १० डीबीला ताकद दहापट घटते). पण इतक्या तिरप्या कोनात पाण्यावरून परतणारी लहर सरळ येणाऱ्या लहरीला जवळजवळ उलट्या फेजमध्ये गाठते, त्यामुळे प्रत्यक्षात १२६ धरायला हवेत. २५ मिलिवॉट, म्हणजे १४ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत इतके डीबी), सोडले आणि गच्चीवरच्या अँटेनाचे ५ मिळवले, तर पोचतात उणे १०७. स्प्रेडिंग फॅक्टर (लोराचा संदेश किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारा आकडा) १० ला रिसीव्हर उणे १३२ पर्यंत ऐकतो. हातात उरले २५ डीबी.

हे २५ भरपूर वाटतात. पण बोट डोलणार, वळणार, टप ओला असणार, शेजारी जाळ्याचा ढीग पडणार, आणि हे सगळं त्यातूनच वजा व्हायचं आहे. म्हणून पेटीतल्या अँटेनाने ६ डीबीपेक्षा जास्त खायचं नाही, ही लक्ष्मणरेषा आखून ठेवली.

४ जून

१ जूनपासून मासेमारी बंद. बोटी वर ओढून शाकारायचं काम जोरात चालू आहे. ३१ जुलैपर्यंतचा वेळ आपला.

तुलनेला काहीतरी असावं म्हणून बाजारात मिळणारा स्प्रिंगचा छोटा अँटेना बोर्डवर बसवून पेटीत ठेवला. झाकण उघडं असताना सिग्नल ठीक. झाकण लावून स्क्रू आवळले की रिसीव्हरवरचा आकडा तिसाहून जास्त डीबीने घसरतो. गॅस्केटच्या सांधीतून जे झिरपतं तेवढंच बाहेर. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीने विचारलं, "दादा, पॉवर वाढवली तर?" परवानामुक्त पट्ट्यात ट्रान्समीटरला १ वॉटची मुभा आहे, म्हणजे आपल्यापेक्षा १६ डीबी वर. तरी निम्मीच भरपाई होते, आणि बॅटरी आठवड्यांऐवजी दिवसांत संपते. पॉवर हे याचं उत्तर नव्हे.

अजून एक गोष्ट तिला मुद्दाम दाखवली. बंद पेटीत व्हीएनएवर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत येते ते मोजणाऱ्या यंत्रावर) रिटर्न लॉस, म्हणजे परतणाऱ्या ऊर्जेचा आकडा, उणे १२ दिसतो, कागदावर झकास. पण ऊर्जा परत येत नाही याचा अर्थ ती बाहेर गेली असा होत नाही. ती बोर्डात, गॅस्केटमध्ये, भिंतींत जिरते. केबलच्या टोकाला ५० ओहमचा नुसता रोधक लावला तर रिटर्न लॉस याहून देखणा येईल आणि रेंज शून्य. इथून पुढे प्रत्येक बदल दोनदा मोजायचा: एकदा व्हीएनएवर आणि एकदा लांब ठेवलेल्या रिसीव्हरवर.

१२ जून

पेटीच्या आत अँटेना ठेवायचा नाही. पेटीच अँटेना करायची.

फटीचा अँटेना ही जुनी कल्पना. ॲलन ब्लुमलाइनने १९३८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९४६ मध्ये हेन्री बुकरने दाखवलं की धातूच्या पत्र्यातली फट आणि तेवढ्याच मापाची पट्टी ही एकमेकांची पूरक जोडी असते. दोघांच्या इम्पिडन्सचा (प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा) गुणाकार ठरलेला, मोकळ्या अवकाशाच्या ३७७ ओहमच्या वर्गाचा चौथा भाग. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचे (मध्यावर जोडलेल्या साध्या दांडीच्या अँटेनाचे) ७३ ओहम, म्हणून तेवढ्या फटीच्या मध्यावर ४८६ च्या आसपास. मागे बंद पेटी असेल तर आणखी वर. ५० ओहमची केबल मध्यावर जोडून चालणार नाही, टोकाकडे सरकावी लागेल.

दुसरी गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी. पट्टी आणि फट यांचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र उभं की आडवं ते, उलटं असतं. आडवी फट उभं ध्रुवीकरण देते. गच्चीवरचा फायबरचा दांडीचा अँटेना उभाच आहे. आणि झाकणाची बाजू वर येईल अशी ठेवलेल्या पेटीला आडवी फट आधीपासून आहेच: झाकण आणि अंग यांच्यामधली सांध! गॅस्केट तिला विजेच्या दृष्टीने उघडी ठेवतं, स्क्रू तिला बंद करतात. दोन स्क्रूंमधलं अंतर हीच फटीची लांबी. वेगळी खाच पाडायला नको, पाण्याला नवा रस्ता नको.

मोबाइलवाल्यांनी हाच मार्ग धरला. २०१० च्या आयफोन ४ मध्ये कडेची स्टीलची पट्टीच अँटेना होती, आणि तिच्यातली बारीक फट तळहाताने झाकली गेली की सिग्नल पडायचा. २०१३ च्या एचटीसी वनमध्ये ॲल्युमिनियमच्या पाठीतल्या फटी प्लास्टिकने भरल्या होत्या. तिथे फट झाकायला माणसाचा हात होता. इथे आपल्याला समुद्राशी निभवायचं आहे.

१९ जून

लांब बाजूच्या टोकाच्या दोन स्क्रूंमध्ये १६० मिलिमीटर. मोकळ्या फटीला ते ९३७ मेगाहर्ट्झ होतात. सिलिकॉनचं गॅस्केट आणि आतला बोर्ड मिळून तिला खाली ओढतात. मोजलं तेव्हा ८८४ आलं. फटीच्या मध्यावर, जिथे विद्युतक्षेत्र सर्वांत जास्त असतं, तिथे पिकोफॅरडच्या अंशाएवढा कपॅसिटर टाकला आणि ८६६ वर आणून ठेवलं. केबल टोकापासून १२ मिलिमीटरवर: आतली तार झाकणाला, तिच्याभोवतीची धातूची जाळी अंगाला. रिटर्न लॉस उणे १४.

आपल्याला लागतो तो पट्टा ३ मेगाहर्ट्झचाच. पण स्क्रू कमी-जास्त आवळला की गॅस्केट दबतं आणि फ्रिक्वेन्सी सरकते. त्यामुळे खरी गरज आहे ती या सरकण्याला पुरून उरण्याची. झाकणाखाली ॲसिटाल प्लास्टिकच्या कडक चकत्या घातल्या, म्हणजे फट २ मिलिमीटरवरच थांबते, कोणी कितीही जोर लावो. नायलॉनच्या चकत्या घेतल्या नाहीत. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं.

आता टोकाचे स्क्रू. फटीच्या टोकाला प्रवाह सर्वांत जास्त, आणि नेमका तिथे स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये. वर खारं पाणी. हा तर घरचा गॅल्व्हॅनिक सेल झाला. ॲल्युमिनियम कुरतडलं जाणार, पांढरी भुकटी साचणार, सांध्याचा रोध वाढणार आणि अँटेना काही महिन्यांत मुका होणार. म्हणून विजेचा सांधा आणि आवळण्याचा सांधा वेगळे केले. मिरजोळे एमआयडीसीतल्या मिलिंगवाल्या काकांकडून गॅस्केटच्या आतल्या बाजूला दोन छोटे उंचवटे काढून घेतले. झाकण बसलं की धातूला धातू तिथेच टेकतो, आणि ती जागा कायम कोरडी. बाहेरून पेटी ॲनोडाइज केलेली, पण ॲनोडाइजचा थर वीज वाहू देत नाही. म्हणून उंचवट्यांवर तो नको, नुसता क्रोमेटचा हात, तो वीज वाहू देतो. काका म्हणाले, "एवढ्याशा ठिपक्यासाठी मास्किंग करायचं?" त्या ठिपक्यावर सगळा प्रवाह आहे हे त्यांना व्हीएनए लावूनच दाखवलं. एक उंचवटा कागदाने झाकला आणि पडद्यावरची दरी (अँटेनाच्या फ्रिक्वेन्सीला आलेखात पडणारा खोलगट भाग) विरघळून गेली. मग त्यांनी मास्किंग स्वतःच्या हाताने केलं.

२७ जून

पावसाने उघडीप दिली, ओहोटी होती, म्हणून भाट्याच्या वाळूवर गेलो. पेटी लाकडी स्टुलावर, रिसीव्हर लांब किनाऱ्यावर, आणि दर तीस अंशांनी पेटी फिरवायची. बॅटरीवर चालवली, केबल कुठलीच नाही. एवढ्या लहान पेटीला मोजायची केबल जोडली की तीच अँटेनाचा भाग होऊन बसते आणि आकडे फुगतात.

फटीच्या बाजूला सिग्नल उत्तम. पाठमोरी केली की ९ डीबी खाली. बोट गच्चीकडे कायम एकाच बाजूने तोंड करून उभी राहणार नाही. समोरच्या लांब बाजूलाही तशीच सांध आहे, तिलाही केबल दिली. दोन्हींत पॉवर वाटली तर प्रत्येकीला निम्मी, आणि काही कोनांत दोघी एकमेकींना खोडतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे दोन वाटांचा छोटा स्विच: एक संदेश डाव्या फटीतून, पुढचा उजव्या. बोट कशीही उभी असो, वीस मिनिटांत एक तरी संदेश चांगल्या बाजूने जातोच. मला हा उपाय फार पटला. स्विचचा ऱ्हास अर्ध्या डीबीच्या आत.

५ जुलै

जीपीएस. झाकणात खळगा करून २५ मिलिमीटरचा सिरॅमिक पॅच (जीपीएसचा चपटा अँटेना) बसवला, वर पॉलिकार्बोनेटची खिडकी. उपग्रह दिसतात, पण बंद पेटीत सिग्नलची गुणवत्ता उघड्या बोर्डापेक्षा वाईट. बोर्डावरचा गोंगाट कुठूनतरी पॅचपर्यंत पोचतोय.

कारण हिशोबात सापडलं. पेटीचं आतलं माप १६० बाय १२० बाय ६०. अशा रिकाम्या पोकळीचा पहिला अनुनाद १५६२ मेगाहर्ट्झला येतो. जीपीएस १५७५.४२ ला! पेटी नेमकी त्याच सुरात घुमते, आणि प्रोसेसरचा त्या पट्ट्यातला बारीकसा गोंगाटही आत वाढून बसतो. १६० च्या मधोमध ॲल्युमिनियमचा आडवा पडदा टाकला, दोन्ही बाजूंनी आणि तळाला पक्का. आता ८० बाय १२० च्या दोन खोल्या, अनुनाद सव्वादोन गिगाहर्ट्झच्या वर. जीपीएस शांत. पडदा झाकणाला मात्र टेकू दिला नाही, नाहीतर फटीचं गणित बिघडलं असतं.

१६ जुलै

ज्याची धास्ती होती ती चाचणी. मांडवीवरून कॅनभर समुद्राचं पाणी आणलं आणि स्प्रेच्या बाटलीने सांधीवर मारलं.

गोड्या पाण्याने फ्रिक्वेन्सी खाली सरकते, कारण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या घरात. पाणी निथळलं की ती परत जागेवर. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. त्याचा पापुद्रा फटीच्या दोन्ही काठांना जोडून बसतो, आणि तो विजेचा वाहक. व्हीएनएवर दरी उथळ न होता उलट रुंद आणि सुबक दिसते. रिसीव्हरवर मात्र १३ डीबी गेलेले. बोर्डाने दिलेली ऊर्जा मिठाच्या पाण्यात तापून संपते. दोनदा मोजायची शिस्त इथे कामाला आली.

पाणी वाळल्यावरची गोष्ट त्याहून वाईट. पंख्याखाली सुकवलं, पांढरी रेघ राहिली, सिग्नल परत आला. रात्रभर पेटी पडवीत ठेवली आणि सकाळी सिग्नल पुन्हा पडलेला. एक थेंब पाऊस लागला नव्हता. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी खेचून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच. आपल्याकडे त्यावर पंखा फिरवून काय होणार? कोकणात असं मीठ वर्षातले कितीतरी महिने वाळतच नाही. कोरड्या प्रयोगशाळेत ही पेटी बिनतक्रार पास झाली असती.

२४ जुलै

फटीत काहीतरी भरून पाणी अडवायचे सगळे प्रकार केले: सिलिकॉन, इपॉक्सी, पाणी न धरणारा लेप. पापुद्रा भरावाच्या पृष्ठभागावर धरतो आणि तो पृष्ठभाग फटीला चिकटूनच असतो. लेप नवा असताना थेंब पळतात, मिठाने आणि घासण्याने तो निघाला की पहिले पाढे पंचावन्न.

फटीचं क्षेत्र तिच्या काठांपाशी दाट असतं आणि फटीच्या रुंदीच्या दोन-तीन पट दूर गेलं की झपाट्याने विरळ होतं. तेव्हा पाणी थांबवायचं नाही, लांब ठेवायचं. कौलारू घराच्या वळचणीसारखी प्लास्टिकची पट्टी झाकणाच्या कडेने बाहेर काढली आणि खाली वळवली. ती फटीपासून ७ मिलिमीटर दूर राहते. मधली जागा हवेची, खालून उघडी. पाणी पट्टीच्या बाहेरून ओघळतं आणि टोकाच्या धारदार कडेवरून सुटून पडतं. मटेरियल एएसए, ते उन्हात टिकतं. रंग पांढरा. काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन किती घातलाय यावर ते लहरी खाऊ लागतं, तो धोका कशाला.

तोच स्प्रे, तेच पाणी, पडवीतली रात्र. आता नुकसान २ डीबीच्या आत. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही, इतका आनंद झाला.

६ ऑगस्ट

बंदी उठली, पण समुद्र अजून खवळलेला, बऱ्याच बोटी आतच. पेटी टपावर बसवायला गेलो तर शेजारच्या बोटीवर रंगकाम चाललेलं. केबिन, कठडा, दिव्याची दांडी, जे दिसेल त्यावर ब्रश. आणि कठड्याला चंदेरी रंग! साधा ऑइल पेंट चालेल, पण चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात. वळचणीवर त्याचा जाड थर बसला तर फटीसमोर पुन्हा धातूचाच पदर आला.

"इथे रंग लावू नये" असं लिहून भागणार नाही, पुढच्या हंगामात ते अक्षरंही रंगाखाली जातील. नाखव्याशी बोललो. तो म्हणाला, "मग ती पट्टी काढता येईल अशी कर. रंग लागला तर फेकू आणि नवीन लावू." बरोबर आहे. वळचण आता दोन खटक्यांवर बसते, हत्याराशिवाय निघते. आतल्या पेटीला हात लावावा लागत नाही.

जागा टपाच्या मागच्या कोपऱ्यावर पक्की केली. पुढे स्टीलची दांडी फार जवळ येत होती.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळी बंदरावर दर्याला नारळ दिला. काम बंद.

२८ ऑगस्ट

पहिली लांबची फेरी झाली. गच्चीवरची नोंद पाहतोय. १२ मैलांच्या टोकाला संदेश उणे ११३ ते ११८ च्या दरम्यान पोचले. हिशोबाचे १०७ होते. ६ पासून ११ पर्यंत कमी, आणि त्यात अँटेना, ओला टप, डोलणं सगळं आलं. रिसीव्हर अजून १४ डीबी खाली ऐकू शकतो. डाव्या-उजव्या फटीच्या आकड्यांतला फरक बोटीच्या दिशेबरोबर फिरताना स्पष्ट दिसतो. तांडेलाने जाळं कुठे टाकलं, बोट कधी वळली, हे नुसत्या सिग्नलवरून ओळखता येतं. कप्प्याचं तापमान रात्री दोनच्या सुमाराला चढताना दिसलं. मासे भरायला कप्पा उघडला होता, असं खलाशांनी नंतर सांगितलं.

एका ठिकाणी सलग संदेश गेले नाहीत. तेव्हा ओल्या जाळ्याचा ढीग पेटीवरच टाकलेला होता. याला अँटेनाचा उपाय नाही. पेटीभोवती लाकडी चौकट करून द्यायची, नाखवा सुताराला सांगतोय.

१८ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली, पोरं कामावर आली. बाकीच्या बोटींच्या पेट्या मिलिंगला गेल्या आहेत. प्रकार-मान्यतेसाठी (असा रेडिओ वापरायला लागणाऱ्या सरकारी मान्यतेसाठी) बोर्डाचे चाचणी अहवाल जोडायचे, ते कागद या आठवड्यात.

पहिली पेटी खाली उतरवून उघडली. बाहेरच्या स्क्रूंच्या डोक्यांभोवती पांढरी भुकटी धरायला लागलीच आहे. आतले उंचवटे चकचकीत, टोकांचा रोध जून महिन्यात होता तेवढाच. फ्रिक्वेन्सी १ मेगाहर्ट्झने खाली. हे गॅस्केट बसल्यामुळे की चकत्यांमुळे, ते पाहायचंय. पुढच्या पेटीत एक बाजू ॲसिटालची आणि एक पॉलिकार्बोनेटची ठेवतोय, डिसेंबरात दोन्ही फटी वेगवेगळ्या मोजायच्या.